नसरीनच्या जागी कोमल

कबड्डीच्या सामन्यात सात जणी मैदानावर असतात आणि पाच जणी बाकावर. शाळेने मला क्रीडाशिक्षिका म्हणून नेमलं होतं, पण माझी निम्मी नोकरी त्या बाकावरच्या पाच जणींच्या आयांना, मामांना आणि आजोबांना तोंड देण्यात गेली.

पाबळकडून शाळेत येणाऱ्या एका मुलीची आई एकदा भर सामन्यात डबा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाई, आमची ज्योती काय बाकीच्या पोरींपरीस कमी खाती का? मग तिलाच का बसिवता?" मी म्हटलं, "तसं नाही हो, तिची वेळ येईल." त्यावर तिने डबा उघडून मला भाकरी-ठेचा खायला घातला आणि ती वेळ कधी येणार ते विचारत सामना संपेपर्यंत काही उठली नाही. उलटही व्हायचं. एका मुलीला मी बऱ्याच दिवसांनी मैदानात उतरवलं, तर मध्यंतरात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मला परत बाकावर बसू द्या ना. आतून मॅच नीट दिसत नाही." इतकं समाधानी माणूस मला पुढे कधी भेटलं नाही.

हे प्रसंग हसून सोडून देण्यासारखे. पण निवृत्ती जवळ आली असताना एक वेळ अशी आली की बाकावर कुणी बसायचं यावर सगळं गाव बोलत होतं, आणि निर्णय मला एकटीला घ्यायचा होता. ती हकिगत सांगते.

आमचं गाव शिक्रापूरपासून थोडं आत. शाळा सुटली की त्याच मैदानावर संध्याकाळी गावाचा मुलींचा संघ सराव करायचा. संघात माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. कुणी कॉलेजला, कुणी कंपनीत कामाला, एक-दोघी लग्न झालेल्या. शाळेचा पगार मला दिवसभराच्या तासांचा मिळायचा. पण माझा जीव त्या संध्याकाळच्या दोन तासांत होता.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर चॅनेल बदलताना पाहिली असेल, त्यांच्यासाठी थोडं सांगते. एक खेळाडू दम धरून समोरच्या संघाच्या हद्दीत जाते. तिला म्हणायचं चढाईपटू. समोरच्या एखादीला हात किंवा पाय लावून ती मध्यरेषेला परत आली तर गुण तिचा. तिला धरून ठेवलं तर गुण समोरच्यांचा आणि ही बाहेर. कुणाला न शिवता, कुणाच्या हाती न लागता नुसती परत आली, तर ती रिकामी चढाई. प्रत्येक संघात दोन-तीन जणी चढाई करतात, पण त्यातली एक हुकमी असते. सामना अडला की सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळतात. बाकीच्या सहा जणी साखळी धरून बचाव करतात, त्यांचं नाव घरच्यांशिवाय कुणी घेत नाही.

आमची हुकमी खेळाडू होती नसरीन शेख. सहावीत असताना ती माझ्याकडे आली ती लांब उडीसाठी. तिचा पाय पाहिला आणि मी तिला उडीच्या खड्ड्यातून उचलून कबड्डीत आणलं. उजवा पाय असा लांब टाकायची की समोरचीला आपण बाद झालो हे पंचांनी हात वर केल्यावर कळायचं. आमच्या संघाने शिरूर तालुक्यात जे काही नाव मिळवलं ते तिच्या त्या पायावर. ती मोठी झाली, शिक्रापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली, पण सराव चुकवला नाही. पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरायची ती थेट मैदानात. तिचे वडील गुलाबभाई. त्यांची क्रूझर गाडी होती. लग्नाचं वऱ्हाड, शाळेच्या सहली, दवाखान्याच्या खेपा, सगळं तीच गाडी करायची, आणि स्पर्धेला आमचा संघही तीच न्यायची.

गावात एक वाक्य ठरलेलं होतं. चहाच्या टपरीवर, दूध डेअरीवर, कुठेही संघाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचं, "नसरीन हाय तवर टेन्शन न्हाई."

मला मात्र टेन्शन यायला लागलं होतं. त्या पावसाळ्यापासून नसरीनच्या रिकाम्या चढाया वाढल्या होत्या. दुरून पाहणाऱ्याला काही कळत नव्हतं. ती जायची तशीच डौलात, यायचीही डौलात. पण मी मैदानाच्या कडेला बसून तिचे डोळे बघायचे. पूर्वी ती मध्यरेषा ओलांडली की समोरच्या कोपऱ्यावरच्या खेळाडूच्या पायांकडे बघायची. आता आत पाऊल टाकलं की आधी मागे, रेषेकडे बघायची. ज्या चढाईपटूच्या मनात पहिल्यांदा परतायचं येतं, तिच्या हाताला गुण लागत नाहीत. विचारलं तर म्हणायची, "झोप कमी पडती मॅडम, पाळीमुळं." मलाही ते पटायचं.

आणि बाकावर कोमल होती. कोमल अकरावीपासून नसरीनची राखीव. नसरीन बाहेर गेली की हिने आत जायचं, आणि नसरीन बाहेर जायचीच नाही. त्यामुळे कोमल सामन्यांत कमी आणि सरावात जास्त खेळली. सरावात ती नसरीनला रोज आव्हान द्यायची, आणि पावसाळ्यानंतर रोज तिच्यापेक्षा जास्त गुण घ्यायची. मी तिला एकदा सरळ विचारलं, "तुला काय वाटतं?" दुसरी एखादी म्हणाली असती, ताई असताना मी कशी. कोमल म्हणाली, "मला खेळायचंय मॅडम. ताईचं वाईट वाटंल मला, पर मला खेळायचंय." मला तिचं ते बोलणं आवडलं.

अडचण अशी की कोमल होती आप्पांची नात. आप्पा म्हणजे गावातलं मोठं घर. शेती मोठी, सोसायटीवर वर्षानुवर्षं त्यांचाच शब्द. आमच्या मैदानावरचे दिवे त्यांनीच बसवून दिलेले. म्हणजे मी नसरीनला खाली बसवून कोमलला घेतलं असतं, तर गावाने काय म्हटलं असतं ते सांगायला नको. त्यातून एक शेखांची पोर आणि एक आप्पांची नात. आमच्या गावात ही गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही, पण मोजायची वेळ आली की सगळ्यांच्या ध्यानात असते.

दौंडची स्पर्धा जवळ आली. जिल्ह्याच्या संघासाठी निवड करणारे लोक तिथे बसणार होते. कोमलसाठी ही पहिली संधी होती आणि नसरीनसाठी, तिचं वय पाहता, बहुधा शेवटची. गावात वाद पेटला. टपरीवाला म्हणायचा, "नसरीन म्हंजी नसरीन. तिला बसिवणार त्यो खुळा." त्यावर वाळूच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर, जो कुठून तरी सगळे सामने बघायला यायचा, तो म्हणायचा, "आवो पर आता तिचा पाय कुठं लागतोय? जुन्या गुणांवर किती दिस खेळवायची?" संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी मतदान लावलं. नसरीनला ढिगाने मतं पडली. त्यातलं एक मत कोमलचं होतं. नसरीनने कुणालाच मत दिलं नाही.

मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, वादात कशाला पडता? दोघींना एकत्र खेळवा." हे मला निदान पंचवीस माणसांनी सुचवलं असेल, आणि मी तसं करूनही पाहिलं होतं. दोघींची जागा एकच, दोघींचा पाय उजवा. दोघी आत असल्या की चढाईला कोण जाणार म्हणून एकमेकींकडे बघत राहायच्या. शिवाय सातांतल्या दोन जागा त्यांनी घेतल्या की बचावातली एक चांगली मुलगी कमी करावी लागे. एका साध्या सामन्यात आमच्यावर दोनदा लोण चढलं, म्हणजे सातच्या सात जणी बाद झाल्या. तेव्हा तो प्रयोग मी बंद केला.

एके दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी आप्पा मैदानावर आले. पांढरी टोपी, हातात काठी. मी मनात म्हटलं, आली वेळ. आता हे नातीसाठी शब्द टाकणार आणि मला नाही म्हणावं लागणार. नाही म्हणायची मी तयारीही केली.

आप्पा म्हणाले, "बाई, दौंडला कोमलला खेळवू नका."

"का?" मी विचारलं.

"गुलाबच्या बापानं आन् माझ्या बापानं एका विहिरीवर एका इंजनानं पाणी काढलंय. आजवर त्या घराचा आन् आमचा एक शब्द इकडचा तिकडं झाला न्हाई. उद्या गाव म्हणंल, आप्पानं वजन टाकलं आन् शेखाच्या पोरीला खाली बसिवलं. मला गुलाबला तोंड दावायचंय, बाई."

"आणि कोमल चांगली खेळत असेल तर?"

"तर पुढल्या साली खेळंल. तिला काय, वय हाय."

आप्पांचा हेतू चांगला होता आणि म्हणूनच मला जास्त जड गेलं. वाईट हेतूच्या माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. मी म्हणाले, "आप्पा, कोमल तुमची नात आहे म्हणून तिला घेतलं तर जितकं चूक होईल, तितकंच ती तुमची नात आहे म्हणून तिला बसवलं तर होईल. संघ मी निवडते. गावाने काय म्हणायचं ते मला म्हणू दे."

आप्पांनी काठीने मातीत एक रेघ ओढली. "तुमच्या मनासारखं करा मग," म्हणाले आणि गेले. रागावले की नाही, ते मला कळलं नाही.

माझा निर्णय झाला होता. माझा एक नियम होता: जिला बसवायचं तिला आधी समोर बसून सांगायचं. मैदानावर नावं वाचून दाखवताना तिला ते कळता कामा नये. दुपारी मी फाट्यावर जाऊन थांबले. कंपनीची बस आली, नसरीन उतरली, मला बघून हसली. बसथांब्याच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. समोरून कंटेनर जात होते, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागत होतं. ही असली गोष्ट मोठ्याने सांगायची म्हणजे शिक्षाच.

"नसरीन, दौंडला सुरुवातीपासून कोमल खेळणार. तू राखीव."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुझ्या चढाया मी बघतेय. तुझ्याकडून पूर्वीसारखं होत नाहीये. का, ते तू मला सांगत नाहीस."

"कोण म्हणलं? आप्पा?"

तो प्रश्न मला लागला. इतक्या वर्षांत तिने माझ्याबद्दल असं काही मनात आणलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "उलट आप्पा तुलाच खेळवा म्हणून आले होते. हा निर्णय माझा आहे. राग धरायचा तर माझ्यावर धर."

"धरलाय," ती म्हणाली. उठली, पाठीला सॅक लावली. "मी येणार न्हाई दौंडला."

त्या दिवशी ती सरावाला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुली माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. टपरीवरून जाताना बोलणी थांबायची. कोमल मात्र सरावात अशी खेळत होती की जणू कुणाचं तरी देणं फेडतेय, आणि तिच्या चुका वाढल्या होत्या. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी अशी वाईट झाले नव्हते." ते म्हणाले, "मग बदल निर्णय." मी म्हटलं, "निर्णय बरोबर आहे हो, तेच तर दुखणं आहे."

स्पर्धेच्या सकाळी आम्ही शाळेच्या फाटकाशी उभ्या होतो. गुलाबभाईंची गाडी येईल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. फोन करायचा माझा धीर झाला नव्हता. मुख्याध्यापकांना दुसरी गाडी बघून ठेवायला सांगितली होती. तेवढ्यात वळणावरून क्रूझर आली. धुऊन पुसून लख्ख. पुढच्या सीटवर नसरीन बसलेली, अंगात संघाचं जॅकेट.

गुलाबभाई खाली उतरले, मागचं दार उघडलं. मी म्हणाले, "गुलाबभाई, आलात, बरं झालं."

"यायचं ठरलं हुतं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

न्हावऱ्यावरून पुढे पारगावच्या पुलावर भीमा ओलांडेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. एरवी या गाडीत गाण्यांच्या भेंड्यांनी कान किटायचे. कुणीतरी चिवड्याची पिशवी फोडली, तिचा आवाजही मोठा वाटला. नसरीन सगळा रस्ता खिडकीतून उसाकडे बघत होती.

दौंडला पोहोचलो. उपांत्य सामन्यात कोमलने चांगल्या चढाया केल्या आणि आम्ही आरामात जिंकलो. मला वाटलं, सुटले. पण अंतिम सामना पडला कुरकुंभच्या बाजूच्या एका संघाशी, आणि त्यांच्या डाव्या कोपऱ्यावर एक उंच, शिडशिडीत मुलगी होती. ती खाली बसून वाट बघायची आणि कोमल जवळ आली की घोटा असा धरायची की सुटकाच नाही. पहिल्या डावात तिने कोमलला तीनदा धरलं. आम्ही मागे पडलो.

आमच्या गावचे लोक मोटारसायकली घेऊन आले होते. ते ओरडायला लागले. "नसरीनला घ्या! ओ बाई, नसरीनला घ्या!" मग त्याची घोषणाच झाली. निवड समितीचे लोकही वळून बघायला लागले. आप्पा गर्दीतून वाट काढत बाकापर्यंत आले. वाकून म्हणाले, "बाई, माझं ऐका. माझ्या नातीला भाईर काढा. पोर रडंल, पर काढा."

मी मैदानाकडे पाहिलं. कोमलचा चेहरा उतरला होता. बदलीसाठी मला फक्त हात वर करायचा होता. आणि खरंच, प्रशिक्षकाचं कामच ते. चुकतंय असं दिसलं तर बदलायचं, हट्ट नाही धरायचा. मी नसरीनकडे वळले. "तयार हो," म्हणाले.

ती उठली. बाकामागे जाऊन दोन-चार पावलं पळाली, वळली. परत पळाली, वळली. मग माझ्याजवळ येऊन गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"मॅडम, नका उतरवू मला."

"का? राग अजून आहे?"

"राग न्हाई. गुडघा वळताना अडकतोय. आत काहीतरी सरकतं. पावसाळ्यात गावातल्या मैदानावर घसरले हुते न्हवं, तवापासून."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? समदी म्हणायची, नसरीन हाय तवर टेन्शन न्हाई. त्यांचं टेन्शन समदं माझ्याच डोक्यावर. रोज बसमधून उतरताना वाटायचं, आज पाय निखळणार. तुम्ही मला बसिवलं ना, मी लई चिडले. घरी अब्बाला म्हणले, मॅडमनी धोका दिला. पर मॅडम, त्या रात्रीपासून मला झोप लागायला लागली." हे बोलताना ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणीही होतं. "आता परत आत नका धाडू."

आमच्यामागे लोक तिच्या नावाने ओरडत होते, आणि ती मला विनवत होती की मला घेऊ नका. माझ्या मनावरचं एक ओझं उतरलं. इतके दिवस मी निर्णय बरोबर म्हणत होते, पण कुठेतरी भीती होती की मी एका चांगल्या खेळाडूला तिच्या शेवटच्या संधीला मुकवतेय.

"मग काय करायचं?" मी तिलाच विचारलं.

"टाइमआउट घ्या. मी बोलते तिच्याशी."

मी टाइमआउट घेतला. मुली बाकापाशी आल्या. कोमल मान खाली घालून म्हणाली, "ताई, तू जा. माझ्यानं न्हाई होत."

नसरीनने तिच्या दोन्ही खांद्यांना धरलं. "गप. ऐक. ती लंबी मुलगी, तू तिच्या डोळ्यांत बघतीस ना, तवाच ती उठती. मी मघापासनं बघतीय. तू बघितल्याबिगर ती हालतच न्हाई. तिच्याकडं बघूच नको. ती न्हाईच हितं, असं समज. मधल्या पोरीवर जा, आन् जाता जाता पाय टाक."

"आन् चुकलं तर?"

"तर चुकलं. मी काय कमी वेळा चुकले? लोकं इसरली, तुझंबी इसरतील."

सामना पुन्हा सुरू झाला. कोमल गेली, मधल्या खेळाडूकडे झेपावल्यासारखं केलं आणि कोपऱ्यावरच्या उंच मुलीला पाय लावून परत आली. ती मुलगी उठलीच नव्हती. पंचांचा हात वर गेला. नसरीन बाकावरून अशी ओरडली की माझ्या कानाला दडे बसले. त्यानंतर एकेक करून आम्ही जवळ येत गेलो. दुसऱ्या डावात त्यांच्यावर लोण चढलं. मग त्यांनीही भरून काढलं. सामना संपायला आला तेव्हा आम्ही फक्त एका गुणाने पुढे होतो आणि शेवटची चढाई आमची होती.

अशा वेळी चढाईला जाणाऱ्याने एकच करायचं असतं: मध्यरेषेपलीकडे समोरच्यांच्या हद्दीत असलेली आतली रेषा ओलांडायची, कुणाच्या हाती लागायचं नाही आणि परत यायचं. गुण नकोच. पण गर्दीला ते कोण समजावणार? सगळे ओरडत होते, "मार! मार! एक गडी मार!" समोरच्या मुली तिला ओढून घ्यायला मुद्दाम जागा सोडत होत्या. कोमलने रेषा ओलांडली. डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, दम धरून कबड्डी-कबड्डी म्हणत राहिली आणि कुणाकडेही न झेपावता चालत यावं तशी परत आली. आमचे लोक क्षणभर गप्प झाले, त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. मग शिट्टी वाजली आणि जिंकलो हे त्यांना कळलं.

मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. आप्पा टोपी काढून डोळे पुसत होते. घाम आलाय म्हणाले. कोमलचं नाव जिल्ह्याच्या निवडीसाठी घेतलं गेलं. मला कुणी विचारतं, त्या दिवशी सगळ्यात आनंद कशाचा झाला? आनंद म्हणावा की नाही माहीत नाही, पण सगळ्यात बरं वाटलं ते नसरीनला गर्दीत पाहून. ती लंगडत लंगडत त्या उंच मुलीपाशी गेली आणि तिचं कौतुक करत उभी राहिली. गेल्या कित्येक महिन्यांत मी तिला असं मोकळं पाहिलं नव्हतं.

परत निघायला संध्याकाळ झाली. या वेळी मला पुढे बसवलं, नसरीन मागे मुलींच्या घोळक्यात जाऊन बसली. भेंड्या सुरू झाल्या. गुलाबभाईंना गुडघ्याचं सांगावं म्हणून मी वळले, तर ते म्हणाले, "कळलं मला. आत्ता सांगितलं तिनं. उद्याच दाखवतो दवाखान्यात. तुमच्यावर राग धरला हुता मी, बाई. मनात ठिवू नका."

"नाही हो. मीही तुमच्या जागी धरला असता."

(तो गुडघा पुढे तपासला. आतली गादी फाटली होती. ऑपरेशन झालं, आता ती नीट चालते, दुचाकी चालवते, आणि आठवड्यातून दोनदा संघाच्या बचावाच्या मुलींना शिकवते. मी निवृत्त झाल्यावर संघ बऱ्यापैकी तिच्याच हातात आहे. पण हे सगळं नंतरचं.)

भीमेचा पूल मागे गेला. गुलाबभाई बराच वेळ काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखे गाडी चालवत होते. शेवटी म्हणाले, "बाई, एक सांगू का? हसणार न्हाई ना?"

"सांगा."

"इतकी वर्सं गाडी घिऊन येतो, पर मी आजवर एकबी मॅच बघितली न्हाई."

मला खरंच वाटेना. "म्हणजे? तुम्ही तर प्रत्येक स्पर्धेला असता."

"असतो. पर गाडीतच. काचा वर करून, रेडिओ लावून बसायचो. पोरीला सहा-सात जणी मिळून खाली पाडतात, ते बघवत न्हाई बापाला. लोकांनी ओरडा केला की समजायचो, जिंकली. न्हाई ओरडली की पाण्याची बाटली काढून ठिवायचो. आज म्हणलं, आपली पोर तर आत न्हाईच. कशाला गाडीत बसा? म्हणून पुढं यीऊन उभा ऱ्हायलो. पहिल्यापास्नं शेवटपातूर समदं बघितलं."

मागे मुलींनी गाणं धरलं होतं. गुलाबभाईंनी गिअर बदलला, रस्त्याकडे बघत मान हलवली आणि एखादं गुपित कळल्यासारखे म्हणाले,

"लई भारी खेळ हाय की वो ह्यो."